वेबसाईटचं रूप बदलायचंय, पण सर्चमधली जागा जाऊ द्यायची नाही. अनुभव सांगा!

दवबिंदू

नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षं मी आकाशनिरीक्षणावरची एक साईट चालवते. साधारण सहाशे लेख आहेत, पहिली दुर्बीण कुठली घ्यावी, चंद्रावर काय बघावं, आरसा कसा साफ करावा वगैरे. बहुतेक वाचक गूगलवरून येतात, बाकी सगळं नावापुरतंच. आता साईट फारच जुनाट दिसायला लागलीये, मोबाईलवर मेनू अर्धा कापला जातो, अक्षरं बारीक, पान उघडायला वेळ लागतो. म्हणून नवीन डिझाईन करायचं ठरवलं. ओळखीतल्या एका मुलाने काम घेतलंय आणि खरंच देखणं केलंय त्याने.

भीती अशी की माझ्या मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी हेच केलं आणि महिन्याभरात तिचे वाचक निम्म्याहून कमी झाले, ते अजून परत आलेले नाहीत. नेमकं कशाने झालं ते तिला आजही माहीत नाही. माझी झोप उडालीये त्या विचाराने. नवीन डिझाईन केलं की रँकिंग पडतंच का, की काही ठरावीक चुका असतात ज्या टाळता येतात? मुलगा म्हणतो "ताई, सगळ्यांना ३०१ टाकून देऊ, काही होत नाही." (३०१ म्हणजे जुना पत्ता उघडला की आपोआप नव्या पत्त्यावर नेणारं कायमचं वळण, रिडायरेक्ट.) एवढं सोपं आहे का ते? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी लिहा प्लीज.

रातकिडा

वाचतोय. मलाही पुढच्या महिन्यात हेच करायचंय.

सुतारपक्षी

पडतंच असं अजिबात नाही. मी आत्तापर्यंत बऱ्याच साईट्स जुन्या रूपातून नव्यात नेल्यात, काही सुरळीत गेल्या, दोन चांगल्याच आपटल्या. त्यावरून सांगतो, रंग, फाँट, मांडणी बदलल्यामुळे जागा जात नाही. नवीन डिझाईनचं काम निघालंच आहे तर जाता जाता हेही उरकून घेऊ म्हणून ज्या दहा गोष्टी बदलल्या जातात, त्यांनी जाते. पत्ते बदलतात, शीर्षकं बदलतात, लेखातले परिच्छेद "फार लांब दिसतं" म्हणून कापले जातात, जुन्या लेखांमधल्या एकमेकांच्या लिंका गळून पडतात. आणि हे सगळं एकाच रात्री होतं, त्यामुळे नंतर नेमकं काय नडलं ते शोधताही येत नाही. तुमच्या मैत्रिणीचं तेच झालं असणार.

तर आधी चार प्रश्नांची उत्तरं द्या. डोमेन तेच राहणार का? पानांचे पत्ते बदलणार का? साईट ज्या सॉफ्टवेअरवर चालते ते बदलणार का? आणि मजकुराला हात लावणार का?

दवबिंदू

डोमेन तेच. वर्डप्रेसच राहणार. पण पत्ते बदलायचे म्हणतोय तो, कारण आत्ता प्रत्येक पत्त्यात वर्ष आणि महिना आहे, ते "घाण दिसतं" म्हणून काढायचं. विभाग चाळीस आहेत ते आठ करायचे. आणि पहिल्या दोन वर्षांतले दीडशेक लेख मीच काढून टाकणार होते, आता वाचताना फार कच्चे वाटतात.

टाचणी

पत्ते बदलू नका. नका म्हणजे नकाच. पत्त्यात वर्ष दिसतं म्हणून कुणी वाचक परत गेलेला मी तरी पाहिला नाही. नऊ वर्षांत लोकांनी तुमच्या लेखांच्या लिंका कुठे कुठे देऊन ठेवल्या असतील, शाळांच्या पानांवर, चर्चांमध्ये, स्वतःच्या नोंदींमध्ये, त्या सगळ्या त्या पत्त्यावर आहेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच कळकळीने मांडलं होतं की चांगला पत्ता तो, जो बदलत नाही. ज्याने वेब घडवलं त्याचं एवढं तरी ऐकावं आपण.

अर्धविराम

टाचणी, तुमचं म्हणणं तत्त्वतः बरोबर, पण इतकंही घाबरवू नका त्यांना. मी माझ्या साईटचे पत्ते बदलले, तारीख काढली, आणि तीन आठवडे थोडं वरखाली होऊन सगळं पूर्ववत झालं. गूगलने २०१६ मध्येच सांगितलंय की ३०१ काय, ३०२ (तात्पुरतं रिडायरेक्ट) काय, रिडायरेक्टमधून जाताना पानाचं सर्चमधलं वजन कमी होत नाही. पूर्वी थोडं झिजतं असं मानायचे, तो समज लोकांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

आणि तारखेच्या पत्त्याचा एक खरा त्रास आहे. लेख तुम्ही यंदा पूर्ण नव्याने लिहून काढलात तरी पत्ता ओरडून सांगतो की हा नऊ वर्षं जुना.

टाचणी

वजन झिजत नाही हे मान्य. पण ते रिडायरेक्ट लागलं तर! सहाशेपैकी साडेपाचशे लागतात, उरलेले पन्नास कुणाच्या लक्षातच येत नाहीत, आणि नेमके त्या पन्नासांतले पाच सगळ्यात जास्त वाचले जाणारे निघतात. धोका तिथे आहे. फायदा काय, तर पत्ता सुंदर दिसतो.

सुतारपक्षी

दोघांचंही बरोबर आहे. मी असतो तर डिझाईन आणि पत्ते एका वेळी बदलले नसते. आधी नवीन रूप चढवा, दोन-तीन महिने जाऊ द्या, आकडे स्थिरावले की मग वाटल्यास पत्त्यांचं काम. म्हणजे घसरण झालीच तर दोष कुणाचा ते तरी कळेल.

पण पत्ते बदलायचेच असतील तर "सगळ्यांना ३०१ टाकून देऊ" हे वाक्य त्या मुलाकडून नीट उलगडून घ्या. सगळ्यांना म्हणजे कुणाला, आणि कुठे? आधी जुन्या पत्त्यांची संपूर्ण यादी लागते. ती एका जागी मिळत नाही. साईटमॅप (साईटवरच्या पानांची यादी असलेली फाईल) घ्या, सर्च कन्सोल, म्हणजे साईट सर्चमध्ये कशी चालते ते दाखवणारं गूगलचं साधन, त्यातून निर्यात घ्या (तिथे १६ महिन्यांचा डेटा असतो, पण तक्त्यात एका वेळी १००० ओळीच दिसतात, म्हणून विभागवार गाळून काढा), सर्च कन्सोलमधलाच लिंक्सचा अहवाल घ्या म्हणजे बाहेरून कुठल्या पानांना लिंका आहेत ते कळेल, आणि स्क्रीमिंग फ्रॉगसारख्या क्रॉलरने (लिंका धरून सगळी पानं आपोआप उघडत जाणारा प्रोग्राम) साईट पालथी घाला. त्याची फुकट आवृत्ती ५०० पत्त्यांवर थांबते, तुमचे सहाशे लेख अधिक चित्रं अधिक विभाग म्हणजे अपुरी पडेल. सर्व्हरच्या लॉग (कुठलं पान कधी उघडलं गेलं याच्या नोंदी) मिळाल्या तर सोन्याहून पिवळं, कारण कुठूनही लिंक नसलेली पण लोक अजून उघडतात अशी पानं फक्त तिथेच सापडतात.

मग शीटमध्ये दोन रकाने. डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे त्याच विषयाचं नवं पान. एकास एक. ज्याला जोडीदार नाही त्याला उगाच मुख्यपानावर पाठवू नका. सगळे अनाथ पत्ते मुख्यपानावर ढकलले की गूगल त्यांना ४०४च, म्हणजे पान सापडलं नाही असंच समजतं, सॉफ्ट ४०४ म्हणतात त्याला. त्यापेक्षा सरळ ४०४ किंवा ४१० (पान कायमचं काढलंय) द्या.

आणि साखळी नको. जुन्यावरून मधल्यावर, मधल्यावरून नव्यावर असं होतं, विशेषतः ज्या साईट्स आधी एकदा एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर गेल्यात त्यांच्यात. गूगलबॉट (गूगलचा पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) दहा उड्यांपर्यंत मागे येतो, पण माणसाचा वेळ का घालवायचा. थेट शेवटच्या पत्त्यावर पाठवा. साईटच्या आतल्या लिंकाही बदला, स्वतःच्याच लेखातून स्वतःच्याच लेखाकडे रिडायरेक्टने जायचं काही कारण नाही.

गोगलगाय

सुतारपक्षी एकदा टोचायला लागले की झाडाच्या गाभ्यापर्यंत पोचल्याशिवाय थांबत नाहीत :) वाखुसा (वाचनखूण साठवली).

रातकिडा

एक बेसिक शंका. हे ३०१ किती दिवस ठेवायचे? माझा होस्टिंगवाला म्हणाला सहा महिन्यांनी काढले तरी चालतात.

अर्धविराम

नाही काढायचे. गूगलचं सांगणं आहे की जमेल तितके दिवस ठेवा, निदान एक वर्ष. मी म्हणेन कायमचे. फाईलमध्ये काही ओळी पडून राहिल्या तर काय बिघडतं? लोकांच्या जुन्या लिंका एका वर्षात थोड्याच मरतात.

रातकिडा, आणखी एक. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो. चुकून भलतीकडे ३०१ दिला आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त केला तरी ज्याने आदल्या दिवशी ते पान उघडलंय त्याचा ब्राउझर पुढेही त्याच चुकीच्या ठिकाणी नेऊ शकतो. म्हणून मी आधी सगळे ३०२ लावून तपासतो, बरोबर आहेत अशी खात्री पटली की त्याच दिवशी ३०१ करतो. ३०२ तसेच विसरून राहू नका मात्र. ३०१ म्हणजे नवा पत्ता धरा असा पक्का इशारा, ३०२चा इशारा कच्चा.

तिसरा_डोळा

माझा अनुभव सांगतो, कारण यात पत्ते, रिडायरेक्ट सगळं बरोबर होतं तरी साईट गायब झाली होती.

नवीन साईट आम्ही एका चाचणीच्या उपडोमेनवर बनवली. गूगलने ती अर्धवट साईट उचलू नये म्हणून वर्डप्रेसच्या वाचन सेटिंगमधली "सर्च इंजिनांना परावृत्त करा" ही खूण लावून ठेवली. काम संपलं, साईट खऱ्या डोमेनवर आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती खूण तशीच राहिली. वर्डप्रेस ५.३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ही खूण प्रत्येक पानावर नोइंडेक्स, म्हणजे हे पान निकालांत दाखवू नका अशी सूचना, लिहिते. दिसायला साईट झकास चालू, कुठेही एरर नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी पानं एकेक करून निकालांतून नाहीशी व्हायला लागली. आम्ही दहा दिवस डिझाईनला शिव्या घालत बसलो. शेवटी एकाने पानाचा सोर्स उघडून पाहिला तेव्हा ती एक ओळ सापडली. खूण काढली, महत्त्वाची पानं सर्च कन्सोलमधून पुन्हा तपासायला दिली, पूर्ण परत यायला दीड महिना गेला. तो दीड महिना मी विसरणार नाही, कारण त्या साईटवर आम्हा तिघांची घरं चालत होती.

त्यामुळे दवबिंदू, चाचणीची साईट पासवर्डमागे ठेवा, नोइंडेक्सच्या भरवशावर नको. पासवर्ड असला की गूगलला आत येताच येत नाही, आणि खऱ्या साईटवर तो चुकून राहिला तर पहिल्याच मिनिटाला वाचकांकडून कळतं.

टाचणी

+१. आणि रोबॉट्स फाईलमध्ये (गूगलने कुठे फिरायचं, कुठे नाही ते सांगणारी फाईल) बंदी घालून वर नोइंडेक्स लावतात काही जण, "डबल सुरक्षा" म्हणून. ते उलटं पडतं. बंदी असेल तर गूगल पान उघडणारच नाही, म्हणजे आतला नोइंडेक्स त्याला दिसणारच नाही, आणि बाहेर कुठे लिंक असेल तर नुसता पत्ता निकालांत येऊ शकतो.

चाचणीच्या साईटवरून आणखी एक घाण येते ती कॅनॉनिकल टॅगची, म्हणजे पानाचा खरा पत्ता कुठला ते गूगलला सांगणाऱ्या खुणेची. पान खऱ्या डोमेनवर आणि कॅनॉनिकल अजून चाचणीच्या उपडोमेनकडे बोट दाखवतोय. साईट उघडल्यावर सोर्समध्ये चाचणीच्या डोमेनचं नाव शोधा, एकदाही सापडता कामा नये.

कोरा_कागद

मी डिझाईनच्या बाजूचा माणूस, त्यामुळे थोडं आमचंही. धाग्याचा सूर असा होतोय की डिझाईनर येतो आणि नासधूस करतो. चांगलं डिझाईन सर्चला मदत करतं. मोबाईलवर मेनू अर्धा कापला जात असेल तर तेच आज नुकसान करतंय. २०१६ मध्ये गूगलने मोबाईलच्या पानाला प्रमाण मानायला सुरुवात केली आणि आता डेस्कटॉपचं पान ते जमेसच धरत नाहीत. तेव्हा मोबाईलवर जे आहे तेवढीच तुमची साईट.

लांब मजकूर घड्यांमध्ये ठेवला, टॅप केलं की उघडतो, तर चालतं का असं विचारतील कुणी. चालतं. तो मजकूर पानात आधीपासून असेल आणि फक्त झाकलेला असेल तर त्याचं वजन कमी होत नाही. पण टॅप केल्यावर सर्व्हरकडून आणला जात असेल तर गूगलसाठी तो नाहीच, कारण गूगलबॉट टॅप करत नाही.

सुतारपक्षी

कोरा_कागद, हा मुद्दा लाखमोलाचा आहे आणि तुमच्या बाजूच्या माणसाने सांगितला म्हणून जास्त आवडला. त्यालाच जोडून, "आणखी लेख दाखवा" असं बटण आणि खाली सरकत राहिलं की येत राहणारे लेख. नवीन डिझाईनमध्ये हे हमखास असतं. जुन्या साईटवर पान १, २, ३ अशा खऱ्या लिंका होत्या, त्या धरून गूगल जुन्यातल्या जुन्या लेखापर्यंत जायचा. बटण आलं की वाट बंद. लेख साईटमॅपमध्ये असतो, पण साईटवरून त्याच्याकडे एकही लिंक जात नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांत तो खाली खाली जातो. बटण ठेवा हवं तर, पण त्याच्या मागे खरी लिंक असू द्या, म्हणजे ए टॅग आणि त्यात एचरेफ.

दवबिंदू, चाळीस विभागांचे आठ करताना हेच डोक्यात ठेवा. कुठला लेख मुख्यपानापासून किती टिचक्यांवर होता आणि आता किती लांब गेला ते बघा.

निशाचर

अवांतर होईल पण मराठी साईट म्हणून सांगायलाच हवं. दवबिंदू, तुमचे पत्ते देवनागरीत आहेत का रोमनमध्ये?

दवबिंदू

देवनागरीत! वर्डप्रेस शीर्षकावरून आपोआप करतं तेच ठेवलेत. का, काही चूक आहे का त्यात?

निशाचर

चूक काहीच नाही, मला तर देवनागरी पत्ते आवडतात, शोधताना वाचकाला आपली भाषा दिसते. पण हलवताना तीन ठिकाणी ठेच लागते, मला लागलीये.

पहिलं म्हणजे देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ (संगणकाची अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये तीन बाईटचं, आणि पत्त्यात ते टक्क्याच्या खुणांसकट नऊ चिन्हं खातं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये पत्त्याच्या त्या तुकड्याला २०० चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे तुमच्या शीर्षकातली जेमतेम बावीस चिन्हं उरतात, पुढचं कापलं जातं. तुमचे कित्येक पत्ते मध्येच तुटलेले असतील बघा. त्यामुळे नवीन पत्ते शीर्षकावरून पुन्हा "तयार" करून यादी बनवू नका, ते जुन्याशी जुळणार नाहीत. डेटाबेसमध्ये जे आहे तेच उचला.

दुसरं, त्या टक्केवाल्या चिन्हांतली इंग्रजी अक्षरं वर्डप्रेस लहान लिपीत (a, b) साठवतं, ब्राउझर बरेचदा मोठ्या लिपीत (A, B) पाठवतो. रिडायरेक्टचं प्लगइन अक्षरशः तुलना करत असेल तर नियम असूनही लागत नाही. एका पत्त्यावर दोन्ही तऱ्हांनी चाचणी घ्या.

तिसरं सगळ्यात छळवादी. "दुसऱ्या", "ताऱ्यांची" यातला ऱ्य दोन-तीन तऱ्हांनी टाईप होतो. एक ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, एक साध्या र ला नुक्ता (खालचा टिंब) देऊन, एक र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक टाकून. डोळ्यांना सगळे सारखे, मशीनला वेगवेगळे. शीटमध्ये हाताने टाईप केलेला पत्ता म्हणून लागत नाही. नेहमी कॉपी करा, टाईप करू नका.

दवबिंदू

निशाचर, अहो "ताऱ्यांची" हा शब्द माझ्या किमान पन्नास शीर्षकांत आहे!! आत्ता चार पत्ते काढून बघितले, दोन तऱ्हा सापडल्यासुद्धा. मध्ये मी कीबोर्ड बदलला होता तेव्हापासूनचे वेगळे आहेत. हे मला कुणीच सांगितलं नसतं. मनापासून आभार.

गोगलगाय

तारे तेच, ताऱ्यांची वाट मात्र दोन दोन. निशाचरांनाच दिसणार ते, रात्रीचं काम आहे.

जुनी_वही

दीडशे लेख काढायच्या बेताबद्दल कुणी बोललं नाही अजून. मी लेखिका आहे, तांत्रिक काही कळत नाही, पण आपले जुने लेख आपल्याला कच्चे वाटतात म्हणून ते वाचकाला निरुपयोगी असतातच असं नाही. माझा सगळ्यात साधा, अगदी सुरुवातीचा लेख आजही सर्वात जास्त वाचला जातो, कारण तो नवख्याच्या प्रश्नाला नवख्याच्या भाषेत उत्तर देतो. आता मी तसं लिहूच शकणार नाही.

सुतारपक्षी

जुनी_वही ताई, अगदी. एकेक लेख सर्च कन्सोलमध्ये लावून बघा, गेल्या १६ महिन्यांत किती टिचक्या, कुठल्या शब्दांवर. ज्याला वाचक आहेत तो दुरुस्त करा पण त्याच पत्त्यावर. दोन-तीन लेख एकाच विषयाचे असतील तर एकत्र करून उरलेल्यांचं ३०१ त्या एकावर. ज्याला ना वाचक, ना बाहेरून लिंक, ना तुम्हाला तो जवळचा वाटत, तेवढेच काढा. आणि हेही डिझाईनच्या दिवशी नको.

चक्रधर

वेगाबद्दल थोडं. नवीन डिझाईन दिसायला छान पण पान जड, हे फार वेळा होतं. वर भलंमोठं चित्र, तेही सरकणारं, चार तऱ्हेचे फाँट. तीन आकडे लक्षात ठेवा: पानातला सर्वात मोठा भाग २.५ सेकंदांत दिसावा, वाचकाने टॅप केल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा (हे मोजमाप मार्च २०२४ मध्ये जुन्या मोजमापाच्या जागी आलं), आणि पान उघडताना मजकूर जागेवरून उडण्याचा गूगलचा गुणांक ०.१ च्या आत असावा. चित्रांना रुंदी-उंची लिहिली तरी उडीचा अर्धा त्रास जातो. आणि सगळ्यात वरच्या चित्राला लेझी लोडिंग (तिथवर सरकल्यावरच चित्र आणणं) लावू नका, ते तर लगेच दिसायला हवं.

घरच्या चांगल्या फोनवर, वायफायवर बघून समाधान मानू नका. गूगल खऱ्या वाचकांचे मागच्या २८ दिवसांचे आकडे धरतं, म्हणून सुधारणा केली तरी अहवालात दिसायला महिना जातो. धीर धरा तेवढा.

अर्धविराम

चक्रधर, वेगाचं महत्त्व आहे पण प्रमाणात. मजकूर चांगला आणि पान जरा संथ असेल तर ते टिकतं. मजकूर कापून पान सुसाट केलं तर टिकत नाही.

चक्रधर

मान्य. मी वाचकासाठीच सांगतोय, रँकिंग हा जोडफायदा.

दवबिंदू

सगळं छापून भिंतीवर लावलंय. मुलाशी काल तीन तास बोलले, त्याला आधी थोडा राग आला, पण निशाचरांचा प्रतिसाद वाचून तोही गप्प झाला आणि रात्रीच पत्ते तपासायला बसला. ठरलंय असं: पत्ते आत्ता बदलायचे नाहीत. लेख काढायचे नाहीत. विभाग आठ होतील, त्या चाळीसांपैकी प्रत्येकाचं योग्य नव्या विभागाकडे रिडायरेक्ट मी स्वतः बनवतेय. शीर्षकं आणि मजकूर जसाच्या तसा.

साईट बदलायच्या दिवशी काय काळजी घ्यायची तेवढं सांगा. आणि गूगलला पत्ता बदलल्याचं कळवायचं एक टूल आहे म्हणे, ते वापरायचं का?

सुतारपक्षी

ते टूल डोमेन बदलणाऱ्यांसाठी. तुमचं डोमेन तेच आहे, नको.

वाचक कमी असतात असा दिवस निवडा, आणि तुमच्या विषयात गर्दीचा काळ टाळा. एखादं ग्रहण जवळ असेल तर ते होऊन जाऊ द्या. गूगलचं मोठं कोअर अपडेट (निकाल लावायच्या पद्धतीतला मोठा बदल) चालू असेल तर थांबा, त्यांच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर दिसतं, नाहीतर घसरण तुमची का त्यांची ते कळणार नाही. आदल्या दिवशी जुन्या साईटचा पूर्ण क्रॉल आणि बॅकअप जपून ठेवा. साईट काही तास बंद ठेवावी लागली तर ५०३ (तात्पुरतं बंद) द्या, "काम चालू आहे" असं २०० वालं (सगळं ठीक असं सांगणारं) पान नको, नाहीतर गूगल तेच तुमचं पान समजेल. एक-दोन दिवसांच्या वर मात्र ५०३ ताणू नका. रोबॉट्स फाईल त्यातून वगळा, तिलाच ५०३ लागला तर गूगलबॉट सगळीकडचं फिरणं थांबवतो.

उघडल्यावर जुनी पत्त्यांची यादी क्रॉलरला द्या आणि प्रत्येकाचा निकाल बघा. नोइंडेक्स, कॅनॉनिकल, रोबॉट्स, साईटमॅप. मग रोज सकाळी सर्च कन्सोलमध्ये पानांचा अहवाल आणि ४०४. पहिले दोन-तीन आठवडे आकडे हलतील, रोज काहीतरी बदलत बसू नका.

टाचणी

चित्रांचे पत्ते!! ते बदलत नाहीयेत ना? चित्रांतून येणारे वाचक वेगळे असतात आणि गूगल चित्रं फार क्वचित पुन्हा बघतं.

दवबिंदू

(सात आठवड्यांनी)

मंडळी, धागा वर काढतेय, कारण सांगायचं राहून गेलं तर फार कृतघ्नपणा होईल.

साईट बदलली. पहिल्या आठवड्यात थोडे कमी झाले वाचक, तिसऱ्या आठवड्यात पूर्वीइतके आणि आता मोबाईलवरचे किंचित जास्तच आहेत. टाचणी, तुमचा शेवटचा प्रतिसाद मी साईट उघडल्यावर दुसऱ्या दिवशी वाचला! नवीन थीमने चित्रं नव्या फोल्डरमध्ये नेली होती आणि चंद्राच्या नकाशांची सगळी जुनी चित्रं ४०४ देत होती. त्याच संध्याकाळी नियम लावला. नकाशांचे वाचक मात्र हळूहळूच परत येतायत. आणि चाळीस विभागांपैकी दोनांच्या रिडायरेक्टमध्ये तोच ऱ्य आडवा आला, यादी क्रॉलरला दिल्यामुळे पहिल्याच तासात सापडला.

आता मैत्रिणीबद्दल. हा धागा तिला दाखवला आणि आम्ही दोघींनी तिचे जुने पत्ते इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधून काढून एकेक उघडून बघितले. प्रत्येक जुना पत्ता मुख्यपानावर जातो. प्रत्येक. कुणीतरी एका ओळीत सगळं तिकडे वळवून ठेवलं होतं. दोन वर्षं ती स्वतःच्या लिखाणाला दोष देत होती, लिहिणं जवळजवळ थांबवलं होतं तिने. ते कळल्यावर रडली. आता एकास एक लावून काही उपयोग होईल का, दोन वर्षांनी?

सुतारपक्षी

होईल. सगळं परत येईल असं वचन देत नाही, मधल्या काळात इतरांनी त्या जागा घेतल्या असतील. पण बाहेरच्या साईट्सवरच्या लिंका अजून जिवंत असतील तर त्या पुन्हा योग्य पानाला लागतील, आणि त्या लिंकांवरून येणाऱ्या माणसाला हवं ते पान मिळेल. ज्यांना बाहेरून लिंका आहेत ते पत्ते आधी घ्या. आणि त्यांना सांगा, लिहायला आजच बसा.

ओंजळ

मीच ती मैत्रीण. आजच सभासद झाले. यादी एकशे ऐंशी पत्त्यांपर्यंत आलीये, अजून जुन्या दोन विभागांची बाकी आहेत, वेबॅकमध्ये त्यांची काही पानं सापडतच नाहीयेत. लेख माझ्याकडे फाईलमध्ये आहेत पण पत्ता काय होता ते आठवत नाही. काही मार्ग?

निशाचर

सर्च कन्सोलचा लिंक्सचा अहवाल बघा, बाहेरून लिंका असलेली पानं तिथे मिळतील. होस्टिंगचा जुना बॅकअप कुणाकडे असेल तर डेटाबेसमधून सगळेच निघतील. आणि तुम्ही त्या लेखांच्या लिंका तेव्हा ईमेलने कुणाला पाठवल्या असतील तर पाठवलेल्या मेल्समध्ये डोमेनचं नाव टाकून शोधा, मला माझे अकरा पत्ते तसेच मिळाले होते. पत्ते देवनागरीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी बसतो तुमच्याबरोबर.